सांगायची परीक्षा

“वाईट बातमी सांगणं ही वैद्यकशास्त्रातली सर्वोच्च कला आहे,” मोठे सर म्हणाले आणि चष्मा उचलून चालू लागले. ही कला त्यांनी स्वतः कधी वापरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तशी वेळ आली की त्यांना नेमका फोन यायचा.

दारात ते वळले. “पेशंट म्हणून नट येईल, अकराला. आजार कोणता ते त्याच्या फायलीत असेल. तू वाचायचं, समजावायचं, उपचार सांगायचे. गुण तोच देणार.”

“आणि सर, नाही जमलं तर?”

“तर प्रयोगशाळेत जा. काचेच्या पट्ट्यांना काही सांगावं लागत नाही.”

धाकट्या डॉक्टरणीला हे लागलं, कारण ते खरं होतं. मागच्या दोन्ही खेपांना खऱ्या पेशंटसमोर तिला रडू कोसळलं होतं. दुसऱ्या खेपेला तर पेशंटनेच तिच्या डोक्यावर हात ठेवून “होईल हो सगळं नीट” म्हणत तिची समजूत काढली होती. पण तिला याच विभागात राहायचं होतं. तिच्या आजोबांना त्यांचा खरा आजार कुणी सांगितलाच नव्हता. ते शेवटपर्यंत सर्दीच्या गोळ्या घेत राहिले.

अकराला तिने दार उघडलं. बाहेर कान-नाक-घसा विभागाची बाकं गच्च भरली होती.

“अकराचे कोण?”

“मी, मी. अकराचीच वेळ दिलीय.” साठीचा एक माणूस फाईल छातीशी धरून उठला. शेजारच्या बाईला म्हणाला, “तू बस गं इथंच. पिशवी सांभाळ.”

बायकोसुद्धा! सरांनी यंदा काही कसर ठेवली नव्हती. माणसाच्या भुवयांत पीठ होतं, मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते. तिला धीर आला. खोटं इतकं छान असेल तर घाबरायचं कशाला?

“पावाची भट्टी आहे माझी,” तो बसता बसता म्हणाला. “डाव्या नाकपुडीतून चार महिने रक्त येतंय. गाल बधिर झालाय. वरचा दात हलायला लागला म्हणून दातवाल्याकडे गेलो. त्याने दात काढला. नाक राहिलं तसंच.”

तिने फाईल उघडली. स्कॅन होता, गाठीचा तुकडा तपासल्याचा अहवाल होता, कागदांचे कोपरेसुद्धा हाताळून मऊ झालेले होते. तिने मनोमन दाद दिली आणि वाचलं. गालाच्या हाडामागच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, गाठ. स्क्वेमस सेल प्रकारची.

“काका, तपासणीत काय निघालं असेल असं तुम्हाला वाटतं?”

“वाटून कळत असतं तर मी इथं कशाला आलो असतो? सरळ सांगा, बाई. मी भट्टीवाला आहे. कच्चं काढलेलं मला चालत नाही.”

“कॅन्सर आहे, काका.”

शब्द निघाला. आवाज हलला नाही. पुढे गप्प बसायचं असं पुस्तकात होतं, म्हणून ती मनात आकडे मोजत गप्प बसली.

“जन्मात कुणाच्या भानगडीत नाक खुपसलं नाही,” तो विसाव्या आकड्याला म्हणाला, “आणि बघा, नाकानंच दगा दिला.”

ती हसली. तोही हसला. मग तिने कागदावर चेहरा काढला. गाठ इथे आहे, डोळ्याच्या तळाशी टेकलीय. एक वाट शस्त्रक्रियेची: डावीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा भाग काढायचा, तिथे कवळीसारखी झाकणी बसवायची, म्हणजे जेवता-बोलता येतं. त्यानंतर सहा आठवडे किरणं. दुसरी वाट अशी की आधी औषधं देऊन गाठ आकसते का बघायचं, म्हणजे डोळा वाचवायला जागा मिळेल. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर किरणं आणि औषधं एकदम. आणि यातलं काहीच नको असेल तर निदान दुखणं तरी आवरायचं.

“सगळे डॉक्टर एकत्र बसून सुचवतील. हो-नाही मात्र तुम्ही म्हणायचं.”

“वास येईल मला?”

“कमी होईल. कदाचित जाईलही.”

“पाव झाला ते मला नाकानं कळतं हो.” तो कागदावरच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. “आता काय, घड्याळ लावून भाजायचे?”

“नाही माहीत, काका,” ती म्हणाली.

“हिला कोण सांगणार?”

“म्हणाल तर मी सांगते. तुमच्यासमोर.”

“नको. छत्तीस वर्षांत हिला एवढं मोठं काही सांगितलं नाही. मला जमतं का बघू.” त्याने कागद आपल्याकडे ओढला आणि बोट ठेवलं. “अगं, गाठ इथे आहे. भिऊ नकोस. एक वाट शस्त्रक्रियेची...” तो थांबला. “भिऊ नकोस आधी म्हणायचं की नंतर?”

“आधी नाही, नंतरही नाही. नुसता हात धरा.”

बाहीने डोळे पुसताना त्याच्या गालावर पीठ फासलं गेलं. तिचे डोळे कोरडेच होते. जमलं होतं! जाताना तो म्हणाला, “बाई, तुम्ही छान सांगितलंत,” तेव्हा तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. फटीतून तिने पाहिलं, तो बाकावर बसून बायकोचा हात धरत होता. प्रयोग संपला तरी भूमिका सोडत नाही, कसलेला गडी!

ती गुणांचा कागद काढतेय तोच दारात दुसरा कुणीतरी येऊन टेकला. डोळे खोल गेलेले, चेहरा मेणासारखा, एका हाताने गाल दाबलेला.

“काका, तुमची ओपीडी शेजारी,” ती मायेने म्हणाली.

“नाही मॅडम, अकराचा मीच. मोठ्या सरांनी पाठवलंय. लिफ्टमध्ये अडकलो होतो, म्हणून उशीर झाला. सुरू करायच्या आधी तेवढा पंखा वाढवता का? मेकप ओघळतोय.”