होडीच्या नावचं तिकीट

परब मास्तरांनी जानकीच्या दारावर कोळशाने लिहिलेल्या आकड्यांवर एकेक करून बोट ठेवलं. दुसऱ्या हातात दुपारच्या एस.टी.ने आलेलं वर्तमानपत्र होतं. शेवटच्या आकड्यावर गेलेलं बोट तिथून हलेचना.

"जानकी गो," ते म्हणाले, "पयला बक्षीस! आकडो न् आकडो जुळता."

जानकी उंबऱ्यात उभी होती. मास्तरांच्या खांद्यावरून ती दर्याकडे बघत होती. जेवणवेळेला वारा फिरला होता. तोंडवलीच्या सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, फक्त तिच्या नवऱ्याची, सत्यवानाची नव्हती.

सरकारी लॉटरी तेव्हा नवीनच निघाली होती. सत्यवानाने मालवणच्या बाजारातून तिकीट आणलं, तेव्हा मास्तरांनीच त्याला सगळं समजावलं होतं. सोडत मुंबईला निघते, नंबर पेपरात येतो. तिकिटावर कुणाचं नाव नसतं. ज्याच्या हातात तिकीट, त्याचे पैसे. ते हरवलं तर ब्रह्मदेव आला तरी सरकार दमडी देणार नाही. म्हणून निदान नंबर तरी राहावा, असं म्हणत मास्तरांनी तो दारावर उतरवून ठेवला होता.

"घरात ठेवा," जानकी तेव्हाच म्हणाली होती. "दर्यात भिजात ता."

"होडयेच्या नावान घेतलंय," सत्यवान म्हणाला. "होडयेरच ऱ्हवतला. लक्ष्मी होडयेर नको काय?"

त्याने तिकिटाची घडी मेणकापडात गुंडाळली आणि पानाच्या चंचीत ठेवली. रोज पहाटे पान, चुना, तंबाखू भरून ती चंची त्याच्या हातात द्यायचं काम जानकीचं. आज पहाटेही तिनेच दिली.

मास्तर आनंदाने घरभर फिरत होते. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्यापाशी ते थबकले.

"आज आयतवार ना गो? हय सोमवार लागलो. आयतवारचा तांबडा पान खंय?"

"चुलीक कागद व्हयो होतो," जानकी म्हणाली आणि पदर खोचून किनाऱ्याकडे चालू लागली. मास्तरही पेपर घेऊन मागोमाग निघाले.

बातमी तिच्या आधीच तिथे पोचली होती. कुणी सत्यवानाला इंजिनाची होडी घेऊन दिली, कुणी माडीचं घर बांधून दिलं. गावाच्या जिभेला हाड नव्हतं. पण लाटा सुरूच्या झाडांच्या मुळापर्यंत यायला लागल्या तशी बडबड थांबली.

"तिकीट भिजला नाय म्हंजे झाला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

जानकीने वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गप्प झाला. ती घाबरली होती, पण पैशांसाठी नाही. तिला नवरा परत हवा होता. पदराचं टोक मुठीत आवळून ती दर्याला म्हणत होती, "चुकला असात ता माझा. तेंच्यार राग काढू नको."

दिवस कलला आणि वारा अचानक पडला. मग लांबवर शीड दिसलं. चिंध्या झाल्या होत्या त्याच्या. होडी वाळूला लागली, तसे बायकापुरुष पाण्यात धावले. माणसं मोजायची गरज पडली नाही, सगळीच होती. सत्यवान सगळ्यात शेवटी उतरला. त्याला पाहून जानकी रडली.

"वयनी, आमचा काय खरा नव्हता," बाबली खलाशी थरथरत सांगू लागला. "होडयेत नारळ नाय, फूल नाय. दर्याक देतलव काय? दादान चंचयेतलो कागद काढल्यान, डोळे मिटून गाऱ्हाणा घातल्यान आणि पाण्यार सोडल्यान. घडी उघडली, तो तांबडो आकडो माका दिसलो. आणि वयनी, थोड्या वेळान वारोच पडलो!"

मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं.

"अरे सत्यवाना! पयला बक्षीस लागला त्येका!"

सत्यवानाचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्याने कपाळावरचं पाणी निपटलं.

"दर्यान मागल्यान, मी दिलंय," तो म्हणाला. "माणसां इली ना परत? मगे त्येचो हिशोब पुरो झालो. फाल्या सकाळी परत त्येच्याच अंगार जावचा आसा."

गाव हळहळत पांगलं. मास्तर तर घरचं कुणी गेल्यासारखे मान खाली घालून गेले. सत्यवान अंगणात चुलीपाशी शेकत बसला. जानकीने त्याला पेज वाढली. तो जेवला, तिच्याकडे बघून हसला, आणि तिला ते हसू बघवेना. तिने देवासमोरचा नारळ उचलला.

"खंय गो?"

"दर्याक नारळ देवन येतंय."

"आता कित्याक? मी दिलंय ना."

"तुमी तुमचा दिलात," जानकी म्हणाली. "माझा ऱ्हवला."

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी शांत होतं, पण ती त्याच्याकडे मान वर करून बघू शकत नव्हती. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिने पदराची गाठ सोडली. पहाटे चंचीतून काढून तिथे बांधलेलं तिकीट अजून कोरडं होतं. तिने ते नारळाच्या शेंडीत खोचलं आणि नारळ लाटेवर सोडून दिला.