पांढरी गाडी

सकाळी सव्वादहाला चाक उतरलं आणि निवृत्ती मिस्त्रींनी स्वतःचंच काम ओळखलं.

ब्रेकचे पॅड झिजून पापड झाले होते. दोन महिन्यांपूर्वी ही जुनी सेडान विकताना दलाल म्हणाला होता, "बदलू नका, नुसता आवाज घालवा." मिस्त्रींनी पॅडला पॉलिशपेपर मारून तो घालवला होता.

"परवा लेकीला बाळंतपणाला आणायचंय, घाटातून," गाडी घेतलेल्या घारपुरेबाई म्हणाल्या. "कुणी केलं हो हे पाप?"

"मीच, बाई." मिस्त्रींची मान वर होईना.

बाईंनी झिजलेला पॅड उचलून पाहिला. "अशा आणखी किती?"

"एक. पांढरी."

दुपारी बाईंच्या गाडीला नवे पॅड बसले. मिस्त्रींनी दलालाला चौथ्यांदा फोन लावला.

"पांढरी कोकणात गेली," तो म्हणाला. "घेणाऱ्याचं नाव आठवत नाही."