आमच्या घराची चौकट

काकांनी घराण्यातल्या सगळ्यांची माहिती एका एक्सएमएल फाइलमध्ये पाठवली होती. एक्सएसएलटी, म्हणजे फाइलमधल्या नोंदी पानावर कशा दिसाव्यात याचे नियम, लिहून मी तिची वेबपानं करत होते. नियम साधाच ठेवला होता. आईवडिलांना दोन किंवा जास्त मुलं असतील, तरच मुलांच्या नावांभोवती चौकट काढायची. मूल एकच असेल तर चौकट नको.

मी एकुलती एक. तरीही आमच्या घराला चौकट आली.

नियम तीनदा तपासला, चूक सापडेना. शेवटी फाइल उघडली. माझ्या नोंदीखाली आणखी एक नोंद होती. नाव कोरं. जन्म माझ्याच तारखेचा, माझ्यानंतर सात मिनिटांनी.

"आई, काकांनी काय घोळ घातलाय बघ," मी हसत म्हटलं.

आईने चष्मा लावून वाचलं आणि नावाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"जन्मतःच गेली गं ती. नावसुद्धा ठेवलं नव्हतं. तुझे बाबा गेल्यापासून हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही."

मी लगेच काकांना फोन लावला.

"मी कशाला लिहीन?" काका म्हणाले. "मी नुसता सगळ्यांना फॉर्म पाठवला. ज्याची त्याने स्वतःच भरलीय नोंद."