निळे मोजे

एलियेसर डोमिनिकन रिपब्लिकहून आमच्या आयोवातल्या गावच्या बेसबॉल संघात खेळायला आला आणि एप्रिलपासून माझ्याच घरी राहू लागला. एकोणीस वर्षांचं पोर. मला "मार्लिसआई" म्हणायचा. जूनमध्ये सलग सतरा सामन्यांत त्याची बॅट तळपली. सतराही सामन्यांत पायात तेच निळे मोजे, एकदाही न धुतलेले.

अठराव्या सामन्याच्या सकाळी त्याची नजर अंगणातल्या दोरीवर गेली आणि तो जागीच थिजला.

"आई, धुतलेस?"

"अरे, घरभर वास सुटला होता!"

तो कसनुसा हसला. "जाऊ दे. मोजे थोडेच बॅट फिरवतात!"

पण त्या दिवशी त्याच्या बॅटला चेंडू लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑगस्टमध्ये संघानं त्याला नारळ दिला.

निघताना बॅग खाली ठेवून त्यानं मला मिठी मारली. "संघातली पोरं तुला उगाच बोल लावतात. मनाला लावून घेऊ नकोस, आई. चांगला खेळ चालू असताना मोजे धुवायचे नसतात, हे तुला बिचारीला काय ठाऊक!"

नऊ वर्षं मी या संघाची पोरं घरी ठेवतेय. मला चांगलं ठाऊक होतं.

मोजे धुतले त्याच्या आदल्याच दिवशी दुकानात संघाचा कोच भेटला होता. "असाच खेळला तर आठवड्याभरात वरच्या संघात जाईल, पार टेक्सासला," तो खुशीत सांगत होता. "तुमची खोली रिकामी होणार बघा, मार्लिसबाई!"