वाळत घातलेली चादर
चाचणीसाठी खाडीवर सोडलेला गुलाबी धूर संगणकाच्या भाकितासारखाच पाण्यावर विरला, तेव्हा दमलेल्या संशोधिकेने टेबलावर डोकं टेकवलं. “गंगेत घोडं न्हालं एकदाचं,” साहेब म्हणाले. “सही कर आणि घरी जाऊन झोप.” कारखान्यातून विषारी वायू गळला, तरी पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचणार नाही, असं तिची सही सांगणार होती. तिने पेन उघडलं, तोच त्या वस्तीतून आईचा फोन आला. “तुमच्या धुराने माझी पांढरी चादर गुलाबी केली.” “आई, धूर तिकडे येतच नाही.” “मग चादर लाजली असेल.” तिने नकाशाकडे पाहिलं. धूर मोजणाऱ्या होड्या संगणकाने जिथे तो जाईल म्हटलं होतं, तिथेच उभ्या होत्या. पलीकडच्या काठावर एकही नव्हती. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. “आई, चादर धुऊ नकोस,” पेनाला टोपण लावत ती म्हणाली. “मी न्यायला येतेय.”