दारावरची तालीम

"फॉर्मवर माझंच नाव का लिहिलंस?" एव्हरेट नायगार्डनं गाडी मारिसोलच्या घरासमोर उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं.

चंद्रावर निघालेल्या प्रत्येकाला आधी एक फॉर्म भरावा लागतो. काही बरंवाईट झालं तर घरी सांगायला कोण जाईल, त्या सहकाऱ्याचं नाव त्यात लिहायचं. लोक जवळच्या मित्राचं नाव लिहितात आणि विसरून जातात. मारिसोल त्रेविन्योनं एव्हरेटचं लिहिलं होतं. वीस वर्षांची दोस्ती, त्यात नवल ते काय? तरी कालपासून एव्हरेटला ते खुपत होतं, कारण परवाच त्यानं दुसऱ्या एका कागदावर सही केली होती.

तो कागद मारिसोलनं वाचला होता. तिच्या यानाचं चंद्रावरून परत उडायचं इंजिन एकोणीस चाचण्यांत एकदा पेटलं नव्हतं. व्हॉल्व्ह अडकला होता, आणि का अडकला ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कंपनीचं म्हणणं, एवढं चालतंय. पुन्हा चाचण्या घ्यायच्या तर दहा महिने जाणार, तोवर दुसरी कंपनी आपलं यान घेऊन पुढे निघून जाणार, आणि त्या यानातून जाणारी माणसं वेगळी. तपासणी समितीत एव्हरेटच्या मंजुरीच्या सहीसाठी सगळं अडलं होतं.

"तुझ्यासाठीच केली मी सही," तो म्हणाला. "बावन्न वर्षांची आहेस तू. ही संधी गेली तर पुन्हा कोण पाठवणार तुला?"

"कुणी नाही." मारिसोल समोर बघत होती. "मला जायचंय, एव्हरेट. इंजिनाचं माहीत असूनसुद्धा जायचंय. म्हणून तर ते ठरवणं माझ्या हातात देत नाहीत, तुझ्या देतात. सही तू केलीस, तर सांगायलाही तूच ये."

ती चिडून बोलली असती तर एव्हरेटला बरं वाटलं असतं. त्यानं एकोणिसातल्या अठरा वेळांचा हिशोब सांगून पाहिला. ती म्हणाली, ठीक आहे, मग चल, तालीम करू.

या मंडळींना तालीम केल्याशिवाय शिंकसुद्धा येत नाही. केबिनमध्ये आग लागली तर, हवा गळायला लागली तर, जोडीदार बेशुद्ध पडला तर, सगळं शंभर शंभर वेळा करून बघतात. घरी जाऊन ती बातमी सांगणं, ही एकच गोष्ट कुणी करून बघत नाही. मारिसोलचा नवरा वेंडेल शनिवारी दुपारपर्यंत शाळेत बँडचा सराव घेतो, तेव्हा घर रिकामंच असणार. ती मागच्या दारानं आत जाणार, एव्हरेटनं पुढची बेल वाजवायची, ती वेंडेल होऊन दार उघडणार, आणि मग त्यानं जे सांगायचं ते सांगायचं. एव्हरेटला हा पोरखेळ वाटला. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून तो उतरला.

ती घराला वळसा घालून मागं गेली. तो पायऱ्या चढून दारासमोर उभा राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता. नाव, वेळ, कसं झालं, या क्रमानं सांगायचं असतं. त्यानं मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि बेल दाबली.

दार लगेच उघडलं. समोर वेंडेल होता, हातात कलिंगडाची फोड. ऑगस्टच्या उन्हात पोरांना भोवळ यायला लागली, म्हणून त्यानं सराव दहालाच आटोपला होता.

तो हसून काहीतरी म्हणणार होता. मग त्यानं एव्हरेटचा चेहरा पाहिला. त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. तिथं एकट्या एव्हरेटची गाडी होती. मारिसोल पहाटेच जेट विमानाच्या सरावाला गेली होती, आणि आपली गाडी तळावर ठेवून एव्हरेटबरोबर परत आली होती, हे वेंडेलला कुठून ठाऊक असणार? अंतराळवीराशी लग्न केलेल्या माणसाला, दारात एकटा आलेला सहकारी असा उभा राहिला की काय समजायचं, हे शिकवावं लागत नाही.

"विमान?" वेंडेलनं विचारलं.

नाही, एवढंच म्हणायचं होतं. एव्हरेटला ते म्हणता आलं नाही. जुळवून ठेवलेलं वाक्यच तेवढं डोक्यात होतं. वेंडेल दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसला.

"वेंडेल, मी इथं आहे. इथं आहे मी." मारिसोल स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्याच्याजवळ फरशीवर बसली. तो तिचा चेहरा, केस, हात चाचपत राहिला.

एव्हरेट तिथंच उभा होता. "मी सही मागं घेतोय," तो म्हणाला. "सोमवारी नाही, आत्ताच."

मारिसोलनं वर पाहिलं. नको म्हणावं असं तिला फार वाटलं. पण वेंडेलची बोटं तिच्या मनगटाभोवती होती, आणि तिनं त्यांच्यावर आपला हात ठेवला. एव्हरेट थोडा थांबला, मग पायऱ्या उतरून गेला.

गाडी वळणाआड गेली तशी ती रडायला लागली. इतक्या वर्षांत वेंडेलनं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. आपल्याला घाबरवलं म्हणून रडतेय, असं त्याला वाटलं. त्यानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिला.

"उगी, उगी," तो म्हणत होता. "काही झालेलं नाहीये गं. कुठं गेली नाहीस तू. इथंच आहेस."