रविवारची गळती

"दाब दिलाय. आता पंधरा मिनिटं इंजिनला कुणी हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाला.

डॉक्टर म्हणजे गॅरेजवाला. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून तो निदान करी, म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणे. त्याचे पेशंट बरे होत, एवढाच काय तो फरक.

मास्तर रेडिएटरवर बसवलेल्या मीटरच्या काट्याकडे टक लावून बसले. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. उत्तर नाही म्हणजे काय, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. शिवाय उत्तर आजच हवं होतं. उद्या सकाळी भंगारवाला दारात येणार होता. लेकीने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, गळती सापडली तर ठेवा गाडी. नाहीतर द्या भंगारात. या वयात तुम्ही दोघं चढावर अडकून पडलेले मला नकोत."

त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, कोपऱ्यातल्या बाकावर मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. भंगाराचं नाव निघालं की त्या थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत.

"दर रविवारीच तापते का?" डॉक्टरने विचारलं.

मास्तरांनी वही काढली. "आजचा धरून सलग पाच रविवार. दर वेळी पाऊण लिटर पाणी गायब. एरवी वाचनालय, बाजार, सगळीकडे नेतो. थेंब जात नाही. रविवारी लेकीकडे निघालो, चढ लागला, की दगडी कठड्यापाशी काटा लालात!"

"वक्तशीर गळती आहे. आमच्या कारागिरांना दाखवायला पाहिजे."

मास्तर हसले नाहीत. पण कठड्याच्या आठवणीने त्यांचा आवाज निवळला. "नवी होती तेव्हाही तिथंच तापायची रे. मी कॅप उघडताना एकदा हात भाजून घेतला. तेव्हापासून बॉनेटचं खातं हिच्याकडे. ही पाणी भरायची आणि मी कठड्यावर उभा राहून आमच्या हेडमास्तरांची नक्कल करायचो. रस्त्याने जाणारे ट्रकवाले थांबून बघायचे."

"मग?"

"मग तू नवा रेडिएटर बसवलास. वीस वर्षं मध्ये कुठं थांबलो नाही."

"वीस वर्षं 'काच वर कर' याच्यापुढे वाक्य गेलं नाही," काकू बाकावरून म्हणाल्या.

"आज थांबलो तेव्हा केली की नक्कल!"

"केलीत. शिंक विसरलात."

"शिंक होती?"

"खडू नाकात जायचा ना त्यांच्या."

"अरे हो की!" मास्तर इतके खूश झाले की काट्याकडे बघायचं विसरले.

काटा जागचा हलला नव्हता.

"दाब धरून आहे, म्हणजे कुठं गळत नाही," डॉक्टर म्हणाला. "आता शेवटचा उपाय. शुक्रवारी पाण्यात रंग टाकलाय. जिथून गळलं असेल तिथं या दिव्यात हिरवं चमकेल."

त्याने शटर खाली ओढलं. अंधारात जांभळा दिवा पेटला. डॉक्टर पाइपांवरून, पंपावरून, इंजिनच्या सांध्यांवरून तो फिरवत गेला. मग डॅशबोर्डखाली शिरला, मग गाडीखाली. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल स्वच्छ, पाणी मिसळलेलं नाही.

"रेडिएटरच्या खाली पाणी सोडायची तोटी असते, तिच्यावर हिरवा ठिपका आहे," त्याचा आवाज खालून आला. "पण तोटी कंजुषाच्या मुठीसारखी बंद आहे."

"तू रंग ओतलास तेव्हा ओघळला असेल," मास्तर हताशपणे म्हणाले. "म्हणजे गाडी गेली."

काकू उठून उभ्या राहिल्या. "अरे डॉक्टर, असं कसं? नीट बघ ना एकदा!" त्यांचा आवाज फाटला होता.

"काकू, ते फडकं द्या जरा," डॉक्टर बाहेर सरकत म्हणाला.

काकूंनी वाकून फडकं दिलं. डॉक्टरने ते घेतलं. क्षणभर दिवा तसाच धरला, मग विझवला.

"सापडली," तो म्हणाला.

"कुठं?"

"जुन्या इंजिनात होतं असं, मास्तर. नाव मोठं आहे, काम छोटं. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवा."

"पार्ट बदलायचा?"

"छे. पथ्य पाळायचं. दर रविवारी त्या कठड्यापाशी अर्धा तास गाडी थांबवायची. तापो, न तापो."

"अर्धा तास? आणि करायचं काय तिथं?"

"शिंक बसवा आधी नीट."

मास्तरांनी स्वतःच शटर वर केलं आणि लेकीला फोन लावत रस्त्यावर गेले. "सापडली! अगं, सापडली!"

डॉक्टरने कोनाड्यातली साबणाची वडी काकूंपुढे धरली. "नखं घासून घ्या, काकू. दहाच्या दहा हिरवी चमकत होती."